बाईकची शोभेची लायटिंग: चावी फिरली की विझेल अशी बसवा

नाशिकला गंगापूर रोडला किंवा कॉलेज रोडला संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहिलं, तरी टाकीखालून निळी, इंजिनापाशी जांभळी आणि मागच्या मडगार्डखाली हिरवी झालेली एखादी गाडी समोरून जातेच. दिसायला झकास. पण अशा बऱ्याच गाड्यांवर दोन गोष्टी चुकलेल्या असतात: रंग नियमात बसत नाहीत, आणि वायरिंग एक पावसाळाही काढत नाही. पहिल्या चुकीचं चलान येतं. दुसरीमुळे सकाळी कामावर निघताना बटण दाबलं की नुसती ‘टक’ होते आणि गाडी ढकलत न्यावी लागते.

हौस भागवायची आणि दोन्ही त्रास टाळायचे, तर सोपा मार्ग आहे. लायटिंग फक्त उभ्या गाडीवर पेटेल आणि चावी फिरवताच आपोआप विझेल, अशी जोडणी करायची. स्वस्तातल्या पाच पिनच्या रिलेत (करंट मिळाला की आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या स्विचमध्ये) ही सोय असते. पण गॅरेजमध्ये साधा चार पिनचा रिले लावायची सवय, म्हणून ती पाचवी पिन कुणी वापरत नाही.

नियम काय सांगतात

कायद्यात ‘गाडीखालची लायटिंग’ असा शब्द सापडत नाही. दुकानदार ‘काही होत नाही हो, सगळेच लावतात’ म्हणतो, ते याच्या जोरावर. पण दिव्यांच्या रंगाबद्दल आणि दिशेबद्दल केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि शोभेची एलईडी पट्टी आपसूक त्यात सापडते.

सर्वांत महत्त्वाचा नियम १०८. गाडीच्या पुढच्या बाजूने लाल उजेड दिसता कामा नये आणि मागच्या बाजूने लालखेरीज दुसरा उजेड दिसता कामा नये. मागच्या बाजूला अपवाद आहेत ते ठरावीक: पिवळसर इंडिकेटर, नंबर प्लेटवरचा पांढरा दिवा, रिव्हर्सचा पांढरा दिवा वगैरे. म्हणजे मागून दिसणारी निळी, हिरवी, जांभळी पट्टी सरळ नियमाबाहेर. टाकीखाली लपवलेली पट्टी स्वतः दिसत नाही, तिचा रस्त्यावर पडलेला उजेड दिसतो, असा युक्तिवाद काही जण करतात. सिग्नलवर उभ्या असलेल्या हवालदारापुढे तो टिकेल याच्या भरवशावर राहू नका.

लाल-निळा आलटून-पालटून लुकलुकणारा दिवा तर डोक्यातूनच काढून टाका. १ मे २०१७ पासून मान्यवरांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा गेले. लाल, निळा, पांढरा असा बहुरंगी झगमगता दिवा पोलीस, अग्निशमन यांसारख्या तातडीच्या सेवांसाठी राखलेला आहे. बाईकवर तो लावला तर तो नुसता शोभेचा दिवा राहत नाही, पोलिसांची नक्कल केल्यासारखं होतं. मग समोरचा माणूस तुमची समजूत काढत बसणार नाही.

पुढच्या दिव्यासाठी नियम १०६ आहे, आणि त्यातली मापं घरी तपासता येतात. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला दिपवणारा झोत नसावा. समोरून येणाऱ्या गाडीवाल्याचा डोळा साधारण तिथेच असतो. क्रॅश गार्डवर लावलेले चौकोनी पांढरे एलईडी हॅलोजन या कसोटीत हमखास नापास होतात. झोत टाकणारा सर्चलाइटसारखा दिवा पुढे लावायलाही नियम १११ मनाई करतो. इंडिकेटरसाठी नियम १०२: मिनिटाला किमान ६० आणि जास्तीत जास्त १२० वेळा लुकलुकला पाहिजे.

दंडाची बाजू थोडक्यात. साधा नियमभंग असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १७७ लागतं: पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडल्यास १,५०० पर्यंत. पण २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं, आणि त्याच्या चौथ्या पोटकलमात परवानगी नसलेला बदल केलेल्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द लक्षात ठेवा. सायलेन्सर, हॅलोजन आणि रंगीत पट्टी असं तिन्ही एका गाडीवर असेल तर हिशेब कुठे जाईल ते सांगायला नको. कलम ५२ मूळ बनावटीत आणि आरसी बुकातल्या तपशिलांत फरक पाडणाऱ्या बदलांबद्दल आहे. पट्टीने आरसीवरचं काही बदलत नाही, त्यामुळे ते थेट लागत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मूळ बनावटीशी छेडछाड चालणार नाही अशी कडक भूमिका घेतली, तेव्हापासून तपासणीत ढिलाई गृहीत धरू नये.

रंगांमागचं कारण

दिंडोरी रोडला किंवा पिंपळगावच्या बाजूला द्राक्षांच्या हंगामात, साधारण जानेवारी ते एप्रिल, रात्री गाडी चालवून बघा. क्रेट भरलेले पिकअप आणि मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर यांच्या गर्दीत पुढचं वाहन येतंय की जातंय, हे फक्त रंगावरून कळतं. लाल म्हणजे पाठ, पांढरा किंवा पिवळसर म्हणजे तोंड. त्यात एखादा निळा-हिरवा ठिपका आला की त्याचं अंतर आणि दिशा दोन्ही ठरवायला वेळ लागतो. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढे जाते, म्हणजे तो ‘वेळ’ मीटरमध्ये मोजावा लागतो.

दुसरी गोष्ट ब्रेक लाइटची. मागून येणाऱ्याला तुमचा ब्रेक कळतो तो टेल लाइटच्या मंद लालातून एकदम भडक लालात झालेल्या बदलामुळे. शेजारी सतत पेटलेली लाल पट्टी असेल तर हा फरक झाकला जातो. म्हणून मागे लाल लावली तर नियमात बसते, पण तीही ब्रेक लाइटपासून दूर हवी, आणि चालताना बंद असलेलीच बरी.

तिसरी गोष्ट चालवणाऱ्याच्या स्वतःच्या डोळ्यांची. टाकीजवळच्या पट्टीचा उजेड हेल्मेटच्या काचेवर आतून परततो. श्रावणात त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या पुढे धुकं आणि भुरभुर पाऊस एकत्र असतो. तिथे हा निळा पडदा रस्त्यावरचा खड्डा खाऊन टाकतो.

सामान

एका मध्यम गाडीसाठी एकूण ८० सेंटीमीटर पट्टी पुरते: टाकीखाली दोन्ही बाजूंना ३०-३० आणि सीटखाली २०. बारा व्होल्टची साधी पट्टी दर तीन एलईडीनंतर कापता येते. मीटरला ६० एलईडी असतील तर दर ५ सेंटीमीटरवर कात्रीची खूण असते, तिथेच कापा. खुणेच्या अलीकडे-पलीकडे कापली तर तो तुकडा मेला.

पट्टीत दोन प्रकार जास्त मिळतात. लहान एलईडीची, मीटरला सुमारे ४.८ वॅट खाणारी, आणि मोठ्या चौकोनी एलईडीची, मीटरला सुमारे १४.४ वॅट खाणारी. पहिलीच घ्या. ८० सेंटीमीटरला ती ३.८४ वॅट, म्हणजे सुमारे ०.३२ अँपिअर ओढते. दुसरी ०.९६ अँपिअर खाते आणि उभ्या गाडीवर इतका उजेड लागतही नाही. सिलिकॉनचं आवरण असलेली, आयपी ६७ किंवा ६८ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) लिहिलेली घ्या. वरून नुसता पारदर्शक राळेचा थर असलेली पट्टी सहा महिन्यांत पिवळी पडते आणि वळणावर तडकते.

बाकी लागतं ते असं: पाच पिनचा बारा व्होल्टचा रिले सॉकेटसह, ब्लेड फ्यूजचा वॉटरप्रूफ होल्डर आणि २ अँपिअरचे दोन फ्यूज (एक लावायला, एक जवळ ठेवायला), अर्धा चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची वायर तांबडी आणि काळी मिळून चार मीटर, कमी व्होल्टेजला आपोआप तोडणारं छोटं कट-ऑफ मॉड्यूल, वॉटरप्रूफ स्विच, दोन पिनचे वॉटरप्रूफ कनेक्टर तीन जोड, ३ आणि ६ मिलिमीटरच्या हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणाऱ्या) नळ्या, वायरवर चढवायची वळ्यावळ्यांची काळी स्लीव्ह, झिप टाय, आणि कापडी हार्नेस टेप. साधी चकचकीत काळी इलेक्ट्रिक टेप घेऊ नका. इंजिनाच्या उष्णतेने तिचा डिंक पातळ होतो, टेप सरकते, आणि उघड्या तारेवर सगळ्या रस्त्याची धूळ चिकटलेली सापडते. रिमोटवाला किंवा मोबाइलवरून चालणारा रंगीत कंट्रोलर टाळाच. तो बंद असतानाही थोडा करंट खातो, त्याचा हिशेब पुढे आहे.

बॅटरी किती झेपेल

१०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांत ३ ते ५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ०.३२ अँपिअरची लायटिंग अर्धा तास चालली तर ०.१६ अँपिअर-अवर गेले. ३ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून साधारण पाच टक्के. हे सहज चालतं. जास्त वॅटची पट्टी असेल तर त्याच अर्ध्या तासात सोळा टक्के जातात. थंडीत बॅटरीची ताकद आधीच घटलेली असते, आणि निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कुठे जातो ते जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. कट-ऑफ मॉड्यूल १२.२ व्होल्टवर लावा. विश्रांतीतली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.२ ला ती साधारण निम्मी उरलेली असते आणि सेल्फ अजून फिरतो.

आता रिमोटच्या कंट्रोलरचं गणित. बंद अवस्थेत २० मिलीअँपिअर खाल्ले तरी २४ तासांत ०.४८ अँपिअर-अवर. सहा दिवस गाडी उभी राहिली की ३ अँपिअर-अवरची बॅटरी संपली. लग्नसराईत गावी जाऊन आल्यावर ‘बॅटरी खराब निघाली’ म्हणून दुकानात आणलेल्या गाडीत हाच चोर सापडतो.

जोडणी

काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनसची वायर सोडा. आधी मायनस, मग प्लस. बसवताना उलट, आधी प्लस. पाना चुकून चॅसिसला लागला तरी ठिणगी उडत नाही, म्हणून हा क्रम.

बॅटरीच्या प्लसवरून तांबडी वायर निघेल आणि पहिल्या पंधरा सेंटीमीटरच्या आत फ्यूज येईल. फ्यूज दूर लावला तर त्याच्या अलीकडची वायर उघडी पडल्यावर तिला कुणी वाली नाही. वायर तापते, पेटते, फ्यूज मात्र शाबूत. फ्यूजनंतर स्विच. स्विच हँडलवर लावू नका. सीटखाली किंवा साइड पॅनेलच्या आत लावा, म्हणजे सिग्नलला उभं असताना हात तिकडे जाणारच नाही, आणि तपासणीत ‘चालता चालता लावता’ असं म्हणायला जागा राहणार नाही.

स्विचवरून वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. रिलेच्या मधली, ८७-ए लिहिलेली पिन, ती आपली. रिलेला करंट नसताना ३० आणि ८७-ए जोडलेले असतात, रिले ओढला की तुटतात. ८७-ए वरून वायर कट-ऑफ मॉड्यूलला आणि तिथून तिन्ही पट्ट्यांना. ८७ नंबरची पिन रिकामी ठेवा, पण तिच्या जागेवर टेपचा तुकडा लावा. चावी चालू असताना तिच्यावर प्लस येतो. ८५ ला मायनस, आणि ८६ ला चावी चालू केल्यावरच करंट येणारी वायर.

ही शेवटची वायर कुठून घ्यायची, इथे बहुतेक घोळ होतो. सर्वांत सोपी जागा म्हणजे मागच्या ब्रेकचा स्विच, फुटरेस्टजवळचा. त्याला दोन वायरी असतात. एकीवर चावी चालू केली की कायम करंट असतो, दुसरीवर ब्रेक दाबला तरच येतो. आपल्याला पहिली हवी. होंडा आणि हिरोच्या बहुतेक गाड्यांत ती काळी असते आणि मायनस हिरवी असते. घरच्या वायरिंगच्या सवयीने काळी म्हणजे मायनस समजून चॅसिसला लावली की धूर. यामाहात उलट, काळी मायनस आणि तपकिरी चावीचा प्लस. रंगावर विश्वास ठेवूच नका, व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावा.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळा टोक बॅटरीच्या मायनसवर, लाल टोक कनेक्टरच्या मागच्या बाजूने वायरच्या पिनला. चावी बंद असताना शून्य, चालू केल्यावर बारा-साडेबारा, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. तिन्ही आकडे बरोबर आले तरच ती वायर घ्या. जुन्या गाड्यांत हेडलाइटच्या वायरवर मॅग्नेटोचा (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाचा) एसी करंट असतो. तिथे डीसीवर आकडा विचित्र येतो आणि एसीवर लावला तर रेस वाढवल्यावर वाढतो. एप्रिल २०१७ नंतर तयार झालेल्या गाड्यांत हेडलाइट कायम चालू असतो, पण तीही वायर या कामाला घेऊ नका. काही मॉडेलमध्ये ती इंजिन सुरू झाल्यावरच जागी होते, म्हणजे चावी चालू करून इंजिन बंद ठेवलं की लायटिंग पेटलेलीच राहणार.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत इंजिनाच्या कंट्रोल युनिटकडे, सेन्सरकडे किंवा एबीएसकडे जाणाऱ्या वायरिंगच्या जुडग्याला हात लावायचा नाही. ब्रेक स्विचच्या वायरवर रिलेच्या कॉइलचे दीडशे मिलीअँपिअर ही काहीच गोष्ट नाही, पण सेन्सरच्या वायरवर त्याच्या कितीतरी कमी ओढही इंजिनातल्या बिघाडाचा पिवळा दिवा पेटवते.

सांध्यांबद्दल

वायर सोलून, दुसरीभोवती पीळ मारून, वर टेप गुंडाळणं ही आपल्याकडची राष्ट्रीय पद्धत. बाईकच्या थरथरीत ती तीन महिन्यांत सैल होते. निळ्या-लाल प्लास्टिकच्या दाबायच्या क्लिपाही तितक्याच वाईट: त्यांचं पातं तारेचे चार-पाच धागे कापतं, तिथून पाणी शिरतं, आणि वर्षभराने आत हिरवी पूड सापडते.

नीट सांधा असा. कंपनीची वायर कापू नका. तिचं आवरण एक सेंटीमीटर हलक्या हाताने खरवडून काढा. नवी वायर त्यावर चार-पाच वेढे घालून गुंडाळा, डाग द्या (सोल्डर करा), पण डाग सगळीकडे पसरू देऊ नका, मधोमध ठेवा. डाग लागलेला भाग काडीसारखा कडक होतो आणि जिथे कडक भाग संपून मऊ वायर सुरू होते, नेमकी तिथेच थरथरीने तुटते. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटीमीटरवर झिप टाय लावून वायर फ्रेमला बांधा. वरून कापडी टेपचे दोन थर. नवीन वायरींच्या एकमेकांतल्या सांध्यांना मात्र हीट श्रिंक लावा, पुरेशी लांब घ्या आणि आधी नळी वायरवर चढवा, मग सांधा करा. हे विसरून नळी टेबलावर राहिली असं प्रत्येकाचं एकदा तरी होतं.

पट्टी चिकटवायची जागा आधी साबणाच्या पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करा. पॉलिश किंवा मेण मारलेल्या जागेवर दुहेरी टेप दोन दिवसांत सुटतो. प्रत्येक पट्टीची दोन्ही टोकं झिप टायने बांधाच, नुसत्या डिंकावर सोडू नका. सुटलेली पट्टी चेनवर किंवा मागच्या चाकात गेली तर प्रश्न नुसता पट्टीचा राहत नाही. सायलेन्सर आणि इंजिनाच्या हेडपासून किमान दहा सेंटीमीटर अंतर ठेवा. कार्ब्युरेटर, टाकीचा नळ आणि श्वासनळी (ब्रीदर पाइप) यांच्याजवळ सांधा करायचा नाही, वायर नेली तरी अखंड न्यायची. चाकाच्या रिमवर आणि हवेच्या व्हॉल्वला लावायचे लुकलुकते दिवे घेऊच नका. व्हॉल्ववरचं जड टोपण वेगात व्हॉल्व झुकवतं, आणि हवा हळूहळू जाते.

बसवल्यावर तपासणी

फ्यूज लावण्याआधी हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण वळवा. कुठे वायर ताणते किंवा चिमटते का बघा. मागे एकाला बसवून दोन-तीनदा दाबायला सांगा, मागचा चिमटा (मागचं चाक धरणारा दांडा) वर-खाली होताना वायर घासते का ते पाहा. मग फ्यूज लावा आणि पुढचा क्रम पाळा: चावी बंद, स्विच चालू, पट्टी पेटली पाहिजे. चावी फिरवा, रिलेचा ‘टिक’ आवाज आणि पट्टी विझली पाहिजे. इंजिन सुरू करा, विझलेलीच राहिली पाहिजे. ब्रेक, हॉर्न, दोन्ही इंडिकेटर, डिपर एकेक करून दाबा, काहीही मंद किंवा वेडंवाकडं व्हायला नको.

गळतीचं माप शेवटी. स्विच बंद, चावी बंद. मीटर दहा अँपिअरच्या खाचेत घालून बॅटरीची मायनस वायर आणि मायनस टोक यांच्या मधे लावा. आकडा जवळपास शून्य दिसला तरच मिलीअँपिअरवर आणा. नवीन काम करण्याआधी हाच आकडा घेऊन ठेवला असेल तर आधी आणि नंतर सारखाच यायला हवा. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

पाण्याच्या तपासणीसाठी बादली आणि मगा पुरे, पाच मिनिटं सांधे आणि रिलेवर ओता आणि पुन्हा सगळं तपासा. वॉशिंग सेंटरवर मात्र प्रेशरची बंदूक पट्टीच्या टोकांवर जवळून मारू देऊ नका. पावसात टिकणारं आवरण त्या धारेपुढे टिकत नाही. रिले नेहमी तोंड खाली करून बसवा, म्हणजे सॉकेटमध्ये पाणी साचत नाही.

या जोडणीत एक खोट आहे, ती माहीत हवी. कॉइलची वायर तुटली तर रिले ओढणार नाही, आणि स्विच चालू राहिला असेल तर चालत्या गाडीवर पट्टी पेटेल. म्हणून निघताना स्विच बंद करायची सवय ठेवा आणि महिन्यातून एकदा ‘चावी फिरवली की विझते का’ हे बघा.

बिघाड कुठून येतात

पट्टी चालत्या गाडीवर चालवणाऱ्यांची ती लवकर का जळते, याचं कारण व्होल्टेजमध्ये आहे. तीन पांढरे किंवा निळे एलईडी मिळून साधारण ९.६ व्होल्ट घेतात, उरलेले रेझिस्टरवर पडतात. बारा व्होल्टला उरतात २.४. इंजिन चालू असताना १४.४ मिळाले की रेझिस्टरवर ४.८ पडतात, म्हणजे करंट हिशेबाने दुप्पट, प्रत्यक्षात थोडा कमी. पट्टी गरम होते, एकेक तुकडा लुकलुकून मरतो. आपल्या जोडणीत इंजिन चालू असताना पट्टी बंदच असते, त्यामुळे हा आजार होतच नाही.

हँडल वळवलं की फ्यूज जातो: वायर चिमटली आहे, मोठा फ्यूज लावून प्रश्न सुटत नाही, आग लागते. लांबच्या टोकाला उजेड मंद: सांधा गंजला किंवा वायर फार बारीक. स्विच बंद असताना पट्टी अंधुक पेटते: सांध्यात ओल. इंडिकेटर लावला की टेल लाइट लुकलुकतो: मायनस नीट नाही. रंगवलेल्या बोल्टवर मायनस लावला असेल तर रंग खरवडा, किंवा सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत वायर न्या.

इंडिकेटरचे बल्ब एलईडीचे केले आणि ते वेड्यासारखे भराभर मारायला लागले, तर बल्ब सदोष नाहीत. जुना फ्लॅशर बल्बच्या करंटवर चालतो, एलईडी इतका कमी ओढतो की बल्ब उडाला असं त्याला वाटतं. जुना काढून एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवा आणि घड्याळ लावून मिनिटाला ६० ते १२० मध्ये आणा.

रस्त्यावर उठून दिसायचं असेल तर

यासाठी पट्टी नव्हे, रिफ्लेक्टिव्ह टेप. एकही अँपिअर खात नाही, फ्यूज लागत नाही. मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी. मागच्या मडगार्डवरचा कंपनीचा लाल रिफ्लेक्टर ‘स्टाइल’साठी काढून टाकला असेल तर आधी तो परत लावा. टेल लाइटवरची काळी फिल्म काढा. नंबर प्लेटवरचा दिवा पांढराच हवा आणि नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. निळा बल्ब आणि प्लेटभोवतीची पट्टी दोन्ही तिथे चालत नाहीत.

घाटात किंवा कसाऱ्याकडे धुक्यात जाणं होत असेल तर गाडीच्या कंपनीनेच त्या मॉडेलसाठी दिलेले फॉग लॅम्प, वेगळ्या स्विचवर, झोत खाली झुकवून. ८ मीटरवर भिंतीसमोर गाडी उभी करा, दीड मीटरवर खडूने रेघ मारा, एकाला सीटवर बसवा. झोताचा वरचा काठ रेघेच्या बराच खाली राहिला पाहिजे. मागे कुणी बसलं की पुढचा झोत वर उचलला जातो, म्हणून ही तपासणी दोघांच्या वजनाने करावी.

विमा आणि पेठ रोड

विमा कंपनीला बदल कळवला नसेल आणि वायरिंगमधून आग लागली, तर दावा अडू शकतो. मूळ हार्नेस कापलेला दिसला की इलेक्ट्रिक भागांची वॉरंटीही जाऊ शकते. कंपनीची वायर न कापण्याचं हे दुसरं कारण.

पंधरा वर्षांची गाडी पुन्हा नोंदणीसाठी पेठ रोडच्या आरटीओत न्यायची असेल, तर आदल्या दिवशी तीनही वॉटरप्रूफ कनेक्टर सोडा, पट्ट्या काढा, सीटखालचा फ्यूज हातात घ्या. कनेक्टर लावलेले असतील तर हे दहा मिनिटांचं काम आहे. सांधे पिळून केले असतील तर अर्धा दिवस जाईल, आणि काढताना मूळ वायरही तुटेल.